बावीस व्हॉल्व्ह आणि कोमट पाणी

धाकट्या सुनेने बावीसही काचेचे व्हॉल्व्ह कोमट साबणाच्या पाण्यात धुतले, टॉवेलवर ओळीने मांडले आणि कंबरेवर हात ठेवून डोळे भरून पाहिले. सगळी धूळ गेली होती. काचा अशा लखलखत होत्या की प्रत्येकीत खिडकीचे गज वेगळे मोजता आले असते. मग तिचं लक्ष हातातल्या फडक्याकडे गेलं. फडकं पिवळं झालं होतं. आज सकाळपर्यंत हा पिवळा रंग काचांवर होता, आकड्यांच्या रूपात.

तिने फडकं उलटून पाहिलं. त्या बाजूलाही पिवळंच.

ते आकडे थोरल्या भाऊजींचे होते. तरुणपणी भाऊजी गिटार वाजवत. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे कपाटाच्या कप्प्याएवढी मागून उघडी पेटी, तीस वर्षं माळ्यावर पडून होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो खाली काढला, तारा बदलल्या, सगळे सुटे भाग नव्याने डाख देऊन जोडले. अडलं ते शेवटच्या चार व्हॉल्व्हपाशी. पूर्वीच्या रेडिओत असत तसेच हे काचेचे व्हॉल्व्ह, पण अंगाने थोराड. चारही जण अगदी सारखी वीज ओढणारे हवेत. एखादा जास्त ओढू लागला की तो लालबुंद होतो, आणि मग... यापुढचं वाक्य भाऊजींनी कधी पुरं केलं नव्हतं. ते नुसते छताकडे बघत. म्हणून मिळतील तिथून त्यांनी बावीस नग जमवले होते, एकेक मोजून त्याच्या काचेवर मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने आकडा घातला होता. आज पाच वाजता त्यांचे दोन जुने साथीदार ऐकायला येणार होते, आणि भाऊजी केस कापायला गेले होते. पाहुणे येणार म्हणून तर धाकटीने साफसफाई काढली होती.

भाऊजी कधी ओरडत नसत. भीती होती ती त्याचीच. मागे त्यांची बशी तिच्या हातून फुटली, तेव्हा तीन दिवस ते फक्त "हं" म्हणाले होते. बशीला तीन दिवस, तर बावीस व्हॉल्व्हना किती, हा हिशेब करता करता तिच्या हातांची बोटं संपली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांनी टॉवेल पाहिला, फडकं पाहिलं आणि सुनेचं तोंड पाहिलं.

"त्याच्या वहीत असतील ना आकडे? मग लिही परत."

"पण आई, कुठला कुठल्यावर?"

"काच ती काच. त्याला तरी काय कळणार आहे?"

धाकटीने दार लोटून घेतलं आणि वहीत बघून लिहायला बसली. भाऊजींचा चार डोक्यावर उघडा असे, तोही तिने तसाच काढला. आठ व्हॉल्व्ह झाले. नवव्याला तिची नजर आपोआप छताकडे गेली. चुकीचे चार पेटीत बसले, एक लाल झाला आणि समोर दोन पाहुणे बसलेले असले तर? तिने पेन्सील खाली ठेवली.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान दोन वळणं टाकून होतं. व्हॉल्व्ह मोजायचं यंत्र त्याच्याकडे असल्याचं तिने भाऊजींच्याच तोंडून ऐकलं होतं. बावीसही नग स्वेटरमध्ये गुंडाळून तिने पिशवीत घातले आणि तान्ह्या मुलाला न्यावं तशी पिशवी छातीशी धरून निघाली. मागून सायकलची घंटी वाजली की ती भिंतीला चिकटून उभी राही.

रेडिओवाल्याने पहिला व्हॉल्व्ह उचलला तो नेमका धाकटीच्या अभिमानाचा. प्रत्येक काचेच्या आत, टोकाशी एक चंदेरी काळपट डाग होता. काजळी समजून तिने सगळे डाग जिवाच्या आकांताने घासले होते, पण हटला होता तो याच एकाचा. तिथे आता दुधासारखं पांढरं झालं होतं.

"हा गेला," रेडिओवाला म्हणाला.

"का? हाच तर सगळ्यात स्वच्छ निघालाय."

"बाई, काच तडकली आणि आत हवा शिरली की ही चांदी अशी पांढरी पडते. मेला तो."

मग त्याने दुसरा यंत्रावर लावला, काट्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. लिहिलं होतं चौतीस, काटा होता एकविसावर. अक्षर तुमच्या भाऊजींचं वाटत नाही, असं तो पुटपुटला. त्याबरोबर धाकटीला रडू फुटलं आणि तिने कोमट पाण्यापासून सगळं सांगून टाकलं. त्याने तिला स्टूल दिलं, व्हॉल्व्हची ओली बुडं टेबलावरच्या दिव्याखाली सुकवली आणि एकेक लावायला घेतला. दर खेपेला काटा थरथरे आणि त्याच्याबरोबर धाकटीही. मेलेला तो सारख्या चौघांपैकीच निघाला, तर भाऊजींचं वर्ष पाण्यात, तेही शब्दशः.

दीड तासाने त्याने चार व्हॉल्व्ह बाजूला काढले.

"हे घ्या. छत्तीस, छत्तीस, छत्तीस आणि सदतीस. यांना मी चेहऱ्याने ओळखतो, याच्या बुडाचा टवका उडालाय बघा. हेच चार बसवा म्हणून वर्षापूर्वीच सांगितलं होतं मी त्यांना. तरी दर पंधरा दिवसांनी घेऊन येतात आणि म्हणतात, पुन्हा बघा, कुठेतरी फरक असेल."

धाकटीच्या कानात फक्त 'हे घ्या' एवढंच शिरलं.

ती घरी पोचली तेव्हा साडेचार वाजले होते. भाऊजी एका साथीदाराच्या घरी फोनवर बोलत होते. "निघाले का ते? बरं, आले की मीच सांगतो. व्हॉल्व्हच नाहीसे झालेत, त्याला कोण काय करणार?" आवाज पडलेला होता, पण पाय मात्र मजेत हलत होता. दुःखाने यांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं धाकटीला वाटलं. त्यांनी फोन ठेवताच तिने एका दमात कबुली दिली.

"असू दे गं," भाऊजी म्हणाले. अकरा वर्षांत इतक्या मायेने ते तिच्याशी कधी बोलले नव्हते. "आता सगळे नव्याने मोजायचे म्हणजे वर्ष तरी जाईलच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"पण मी मोजून आणलेत," धाकटी म्हणाली आणि चौघांना त्यांच्यासमोर ठेवलं.

भाऊजी खाली बसले. मेलेल्या व्हॉल्व्हचा होता तसा त्यांचा रंग झाला. धाकटी 'हं'ची वाट पाहत उभी राहिली, पण तेही आलं नाही.

"आई," ते शेवटी सासूबाईंना म्हणाले, "माझी बोटं सगळं विसरलीत. मी कपाटामागे बसून वाजवून बघितलं. ही पेटी नीट झाली, तर मला त्यांच्यासमोर वाजवावं लागेल."

सासूबाई काही म्हणणार तोच दाराची घंटी वाजली.

गायक मित्र मफलर गुंडाळून आला होता. गळ्याकडे बोट दाखवत त्याने कुजबुजून सांगितलं की कालपासून आवाज पार बसलाय. ड्रमवाल्याच्या मनगटाला हे एवढं बँडेज होतं. सुटलेल्या कुत्र्याकडे पाहावं तसं दोघांनी पेटीकडे पाहिलं आणि तिच्यापासून लांबच्या खुर्च्या धरल्या. तयार झाली का, असं गायकाने पुन्हा कुजबुजत विचारलं. भाऊजींनी मान हलवली, पण ती कुठल्या दिशेने हलली, ते कुणालाच कळलं नाही.

सासूबाई चहा घेऊन आल्या. "साखर किती रे घालू?"

"दोन चमचे, आई," गायक खणखणीत आवाजात म्हणाला.

ड्रमवाल्याने हात हळूच पाठीमागे नेला.

"तुझं कुठे दुखतंय?" भाऊजींनी त्याला विचारलं.

"आतल्या बाजूला," तो खालमानेने म्हणाला.

भाऊजी त्या दोघांकडे पाहत राहिले. त्यांचे खांदे आधी थोडे हलले, मग जोरात हलले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसले. मग उठले आणि चारही व्हॉल्व्ह त्यांनी एकेक करून पेटीत बसवले. बटण दाबायला मात्र त्यांनी धाकटीला पुढे केलं. तिने डोळे मिटून दाबलं. छत जागच्या जागी राहिलं. काचांच्या आत नारिंगी ठिपके उमटू लागले.

"तापायला अर्धं मिनिट लागतं," भाऊजी गिटार मांडीवर घेत म्हणाले.

"तेवढ्यात अजून कुणाला काही दुखत असेल, तर सांगून घ्या," सासूबाई म्हणाल्या.

ड्रमवाला बँडेजची गाठ सोडू लागला.