गुलाबभाऊंचा रणजोर

गुलाबभाऊ टेलर माप घ्यायचे गिऱ्हाइकाचं आणि सांगायचे रणजोरचं. छातीभोवती टेप फिरवून म्हणायचे, "तुमची छत्तीस. रणजोरची बावन्न होती. तेही श्वास सोडल्यावर." एकदा एका फौजदाराच्या दंडाचं माप घेऊन त्यांनी त्याच्याकडे इतकी कीव आल्यागत पाहिलं, की त्या माणसानं आमच्या नेर गावात पुन्हा कपडे शिवले नाहीत.

रणजोर कोण, हे बसस्टँडमागच्या आमच्या ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं. सोनखांब राज्याचा सेनापती. हे राज्य कुठल्याच नकाशात नव्हतं. ते गुलाबभाऊंच्या डोक्यात होतं आणि शिलाई मशीन सुरू झाली की बाहेर यायचं. तिथं म्हशी उडायच्या. नदीला दूध यायचं, अमावस्येला ते नासायचं, आणि मग सगळी प्रजा आठवडाभर कलाकंद खायची. राजा भूपतसेन नुसता झोपायचा. शत्रू आला की रणजोर लढायचा, जिंकायचा, आणि गडबडीत घरंगळलेला मुकुट पुसून पुन्हा झोपलेल्या राजाच्या डोक्यावर ठेवायचा.

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांना लागूनच, मध्ये फक्त पत्रा. त्यामुळे वीस वर्षांत माझी एकही लढाई चुकली नाही. गोष्टीच्या नादात त्यांनी एकाच्या पँटला तिन्ही खिसे एकाच बाजूला लावले. तो भांडायला आला. गुलाबभाऊ म्हणाले, "थांबा ना, मुद्द्यावर येऊन राह्यलो," आणि त्याला राक्षसाच्या गुहेत अर्ध्यावर सोडून चहा प्यायला गेले. तो माणूस दुसऱ्या दिवशीही आला. पँटीचं नावही काढलं नाही त्यानं.

सगळ्यात जुना श्रोता शालिक. दोघं एका गावचे, एकाच इयत्तेत नापास झालेले. गुलाबभाऊंनी लग्न केलं नाही; दुकानामागच्या खोलीत एकटेच राहायचे. शालिक शेतात मजुरी करायचा. काम नसलं की यांच्या स्टुलावर बसून काज-बटन करून द्यायचा आणि भांडायचा.

"तुहा राजा नुसता झोपूनच राह्यते. रणजोरले बसव ना बे गादीवर."

"नाही बसवत. इमानदार माणूस हाय तो."

"मंग? इमानदारानं काय जिंदगीभर उभंच राहाव?"

"गादीवर बसला का माणूस एकटा पडते, शालक्या. तुले नाही समजत."

मग ते पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, वाईट साल आलं. बोंडअळीनं गावंच्या गावं धास्तावली होती. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि जो तो दोन-तीन औषधं एकत्र कालवून फवारत होता. शालिक रोजानं फवारणीला जायचा, पाठीवर पंप आणि तोंडाला नुसता दुपट्टा. एका दुपारी तो दुकानात येऊन बसला आणि सुईत दोरा ओवायला लागला. ओवता येईना.

"गुलाब, सुईचं नाकच दिसून नाही राह्यलं मले."

गुलाबभाऊ हसले. "चष्मा घे बे म्हाताऱ्या."

पाच मिनिटांत शालिक स्टुलावरून खाली पडला. तोंडातून फेस. आम्ही त्याला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. गाडीत त्याचं डोकं मांडीवर घेऊन गुलाबभाऊ मला एकच वाक्य म्हणत होते, "मी हासलो ना बे अनिल. मी हासलो."

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. सगळा वॉर्ड फवारणीवाल्यांचा. कितीतरी जणांचे हात बँडेजच्या पट्टीनं पलंगाला बांधलेले, कारण भ्रमात ते नळ्या उपटायचे. शालिकचेही बांधलेले होते. पायाशी त्याची बायको शोभा बसली होती. उशाशी गुलाबभाऊ, आणि सोनखांबवर हल्ला झाला होता.

शालिकला आता काहीच दिसत नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "गुलाब, आता बसव त्याले गादीवर. मले पाहाचं हाय."

गुलाबभाऊंनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "भूपतसेन मेला. झोपेतच गेला बिचारा. लोकं रणजोरच्या घरी आले. त्यानं तीनदा नाही म्हटलं. पण मंग लोकायनं त्याले उचललंच." म्हशींनी आभाळातून फुलं टाकली. दुधाला पूर आला. वॉर्डातली आया झाडू हातात धरून ऐकत उभी राहिली.

"कसा दिसते?" शालिकनं विचारलं.

"जबरदस्त दिसते."

"गादी नरम हाय का?"

"हाय ना. कापसाची हाय."

"बस मंग," शालिक म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. गावात त्याला जाळून आलो. गुलाबभाऊंनी खांदा दिला.

त्यानंतर त्यांचं दुकान उघडलं नाही. चौथ्या दिवशी शोभाच माझ्याकडे आली. "अनिलभाऊ, ते खोलीतबी नाही. पाहा ना जरा." त्या सालात आमच्याकडे माणूस दिसेनासा झाला की लोक आधी विहिरीत डोकावायचे. मीही डोकावलो. दोन विहिरी पाहिल्या. मग बसस्टँडवरच्या कंडक्टरनं सांगितलं, "टेलर ना? तो रोज सकाळी यवतमाळच्या गाडीत बसते."

मी थेट वॉर्डात गेलो. शालिकच्या पलंगावर वणीकडचा एक माणूस होता. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही. हात बांधलेले. शेजारी स्टुलावर गुलाबभाऊ, दाढी वाढलेली.

"चला भाऊ, घरी चला," मी म्हणालो.

"येतो ना. हा काल आला. बायको बाळंतीण हाय याची, सोबत कोणीच नाही," ते हळूच म्हणाले, आणि त्याच्याकडे वळले. "तर आयका. सोनखांब नावाचं एक राज्य हाय. तिथं म्हशी उडतेत."

त्या माणसाचे ओठ हलले. "राजा कोन तिथला?"

"शालिक," गुलाबभाऊ म्हणाले.

त्यांनी खाली वाकून त्या माणसाच्या मनगटावरची पट्टी जराशी सैल केली, आणि त्याचा हात आपल्या हातात धरून बसून राहिले.