बापाच्या बुडाखालचा वूफर

जागेश्वरला टेम्पोत वूफर बसवायचा होता तो गाण्यांची हौस म्हणून नव्हे, तर बाप ऐकू येऊ नये म्हणून. लोकांना तो हौसच सांगायचा. खरं कारण रोज सकाळी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन त्याच्या शेजारच्या सीटवर बसलेलं असे, आणि कारणासमोर कारण सांगायची सोय नव्हती.

कारणाचं नाव रुपराव. रुपरावने उभा जन्म हातमागावर काढला होता. पाचपावलीतल्या त्याच्या घराची पुढची खोली म्हणजे मागच होती. बाकीचं घर त्याच्या मागेपुढे कसंबसं राहत होतं. मग बाजारात यंत्रमागाची लुगडी आली आणि हातमागाच्या लुगड्याला कुणी विचारीना. माग विकला, वर कर्ज काढलं आणि छोटा टेम्पो आणला. जागेश्वरला धंदा मिळाला. रुपरावला काहीच मिळालं नाही. तो आठवडाभर रिकाम्या खोलीत फेऱ्या मारत राहिला, मग स्वयंपाकघरात शिरला आणि तुळजाबाईच्या फोडणीत चुका काढू लागला.

"याले ने बा तुह्यासंग," तुळजाबाईने पोराला बजावलं. "माह्या चुलीजवळ हा माणूस दिसला त मी एखाद दिवशी याचंच भरीत करीन."

तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, रुपराव टेम्पोत. टेम्पोची केबिन केवढी? दोन माणसं बसली की तिसऱ्या माणसाचा विचारसुद्धा आत मावत नसे. तेवढ्या जागेत रुपरावचं तोंड सकाळपासून सुरू व्हायचं. "गाय आली. हळू घे. सायकलवाला हाय. हॉर्न काहून नाही मारला? थे बाई रस्ता ओलांडून राहिली. तुले दिसून राहिली का नाही?"

तोंडाचं जागेश्वरने सोसलं असतं. त्याचा जीव जळायचा तो बापाच्या पायांनी. बोलता बोलता रुपरावचे पाय केबिनच्या पत्र्यावर दाबले जात, एकदा डावा, एकदा उजवा, पुन्हा डावा. पोराच्या गाडी चालवण्यावर बापाचा इतका अविश्वास, की तो आपल्या बाजूने ब्रेक मारतो! रस्ता मोकळा असो की गर्दीचा, पाय चालूच.

"बाबा, तुमच्या बाजूनं ब्रेक नाही," एकदा जागेश्वर तडकला.

"मी कोठी ब्रेक मारला?" रुपराव म्हणाला, आणि पाय दाबत राहिला.

त्याच दिवशी जागेश्वर लकडगंजात ओमप्रकाशच्या टपरीवर गेला. ओमप्रकाश रेडिओ, टेप दुरुस्त करायचा आणि गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचा. अंगाने पैलवान, बोलणं अर्धं हिंदी.

"वूफर लाव," ओमप्रकाश म्हणाला. "नुसत्या ढमढमीसाठी वेगळा मोठा स्पीकर. ऐसा बसवतो, का बाजूवाला बोंबलला तरी तुले पता नाही चालन."

"बाजूवाला बोंबलला तरी?"

"गाडीखाली आला तरी!"

एवढी हमी पुरेशी होती. वूफरला लाकडी पेटी लागते. टपरीला लागूनच लाकूड कापायची आरामशीन, तेव्हा प्लायवूड कशाला, अस्सल सागवानच लावू, असं ठरलं. पेटी सीटच्या मागच्या फटीत बसवायची होती. मोजपट्टी सापडेना म्हणून जागेश्वरने फट वितीने मोजली, आणि ओमप्रकाशने तेवढ्याच विती धरून पेटी केली. फक्त जागेश्वरची वीत विणकराच्या घरातली, चिमूटभर. ओमप्रकाशचा पंजा परातीएवढा. हे दोघांच्याही लक्षात आलं ते पेटी टेम्पोपाशी उचलून आणल्यावर.

पेटी दारातून आत जाईना. मग दार काढलं. आत गेली, पण सीटच्या मागे सरकेना. बाहेर काढावी म्हटलं तर कोपरा स्टिअरिंगमध्ये अडकला आणि पेटी बाहेरही येईना. ओमप्रकाशने खालून, वरून आणि एकदा आडवं झोपून पाहिलं. शेवटी त्याने पाना घेतला, बाजूची सीट उपसून फुटपाथवर ठेवली आणि पेटी तिच्या जागी ढकलली. ती अशी चपखल बसली की जणू टेम्पो तिच्यासाठीच बनवला होता.

"हो गया!" ओमप्रकाशने दार परत चढवून हात झटकले.

"अन् बाबा?"

"बाबाले मागं टाक."

जागेश्वरच्या मनाला क्षणभर गुदगुल्या झाल्या. मग त्याला माय आठवली आणि गुदगुल्या थांबल्या.

झालंही तसंच. टेम्पो घरासमोर लागला, तुळजाबाईने आत वाकून पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "हे काय आणलं? अन् तुहा बाप कोठी बसन?"

"मागं बसतीन. हवा लागते मागं."

"मागं? मालासंग? बाप हाय का तांदळाचं पोतं? आइक. एकतर बापाले ने, नाहीतर ह्या पेटीले ने. पेटीले नेलं त मी चालली खाप्याले, भावाकडं. मंग सैपाक तूच कर अन् बापाले चुकाही तूच काढू दे."

रुपराव दारात डबा घेऊन उभा होता. त्याने केबिनमधली आपली गेलेली जागा पाहिली आणि हळूच विचारलं, "मंग उद्यापासून मी नोको येऊ?"

जागेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाने आरडाओरडा केला असता तर त्याने उलट उत्तर दिलं असतं. "काहून नोको?" तो म्हणाला. "पेटीवर बसाचं. मी आतून गोधडी आणतो."

दुसऱ्या दिवशी सागवानी चौकटी खाप्याला पोचवायच्या होत्या. माल भरला, रुपरावला गोधडी घातलेल्या पेटीवर बसवलं आणि टेम्पो निघाला. निघाला म्हणजे पहिल्या गिअरमध्ये निघाला. दुसरा गिअर पडेना, कारण दांडा पेटीवरच्या रुपरावच्या मांडीत रुतत होता.

"बाबा, मांडी!"

रुपरावने मांडी उचलली, दुसरा पडला. गर्दीत दुसरा पुन्हा पुन्हा लागतो, त्यामुळे कोराडी रोडला लागेपर्यंत "बाबा, मांडी" हा मंत्र झाला आणि रुपरावचा उजवा पाय अर्धा वेळ हवेत राहू लागला.

मग जागेश्वरने गाणं लावलं. पेटीतून अशी ढमढम उठली की आरसा थरथरला आणि बापाच्या मांडीवरचा डबा वाजू लागला. वा! त्याने आनंदाने समोरच्या बैलगाडीला हॉर्न दिला. हॉर्न वाजला नाही. पुन्हा दिला. ओमप्रकाश पठ्ठ्याने वूफरला वीज दिली होती ती हॉर्नच्याच वायरीवरून, आणि वूफर सगळी वीज एकटाच पिऊन टाकत होता. गाणं चालू असेल तर हॉर्न मुका, हॉर्न हवा असेल तर गाणं बंद.

गाणं बंद करायला जागेश्वरचं मन होईना. शेवटी रुपरावनेच खिडकीतून डोकं काढून आरोळी ठोकली, "बाजू व्हा गा! गाडी आली!" बैलगाडी बाजूला झाली. सायकलवाले झाले. एक म्हैस टेम्पोच्या हॉर्नला कधी हलली नसती, तीही हलली. ज्याचं तोंड झाकायला वूफर आणला, त्याच्याच तोंडावर आता टेम्पो चालत होता. जागेश्वर दात ओठ खात गाडी हाकत राहिला.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. इंजिन बंद, गाणं चालू, आणि गाडी गेल्यावर पाहतो तर बॅटरी उतरलेली. मागच्या ट्रकवाल्यांनी शिव्या देत देत टेम्पो ढकलला. ढकलायला जागेश्वरही उतरला आणि स्टिअरिंगपाशी बसून गिअर टाकायला रुपराव उरला. त्याने सगळ्या जगाला ऐकू जाईल असं विचारलं, "जागेश्वर, आता कोणाची मांडी उचलू?"

सावनेर मागे पडलं तसा रस्ता मोकळा झाला. जागेश्वरने इतका वेळ साठवलेला राग बटणावर काढला आणि आवाज पार शेवटपर्यंत नेला. ढप्, ढप्, ढप्, ढप्. आता बोला म्हणावं! पण शेजारून बोलणं येईना. हलणारा ओठसुद्धा दिसेना. त्याने चोरून पाहिलं.

रुपरावचं तोंड मिटलेलं होतं. पाय मात्र चालू होते, डावा, उजवा, डावा, उजवा. समोर गाय नाही, सायकल नाही, चिटपाखरू नाही. पाय ढमढमीच्या चालीत पडत होते. आणि उजवा हात छातीसमोर हवेत काहीतरी धरून हलके झटके देत होता. लहानपणी मागाच्या खड्ड्याशी बसून जागेश्वरने तो झटका रोज पाहिला होता. दोरी ओढली की सुताचा धोटा इकडून तिकडे धावे, आणि खाली पावड्यांवर, मागाच्या पायपट्ट्यांवर, बापाचे पाय, डावा, उजवा.

दोन वर्षं हा माणूस ब्रेक मारत नव्हता. दोन वर्षं तो माग चालवत होता, आणि आपण गाढवासारखे चिडत होतो. जागेश्वरला स्वतःचीच लाज वाटली. बोलावंसं वाटलं, पण ढमढमीत काय बोलणार?

थोड्या वेळाने हात खाली आला. मान खिडकीला टेकली. रुपराव झोपला. माग विकल्यापासून दुपारची झोप त्याला माहीत नव्हती. रात्रीसुद्धा तो कूस बदलत पडायचा. बिचाऱ्याला शांत झोपू द्यावं म्हणून जागेश्वरने हळूच वूफर बंद केला.

रुपराव दचकून उठला. "माग काहून बंद केला?"

मग त्याने रस्ता पाहिला, पोराकडे पाहिलं आणि ओशाळून डबा सरळ केला. "म्हंजे... थे तुहं गाणं म्हणून राहिलो मी."

जागेश्वरने पुन्हा बटण फिरवलं. ढप्, ढप्. बरंच अंतर गेल्यावर रुपराव त्याच्या कानाशी वाकला.

"जागेश्वर, त्या बाईले चूप करता येते का?"

"कोणत्या बाईले?"

"गाऊन राहिली थे. मधातच आलाप घेते. तिच्यानं माही चाल चुकते."

त्या बाईसाठी जागेश्वरने निवडून निवडून कॅसेटी घेतल्या होत्या. त्याने टेम्पो कडेला घेतला आणि दाराजवळच्या दोन्ही छोट्या स्पीकरांच्या वायरी उपसल्या. बाई गेली, बासरी गेली, उरली नुसती ढमढम. रुपरावने कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. "हां. आता बराबर हाय."

पुढच्या आठवड्यात टेम्पो लकडगंजात शिरला तेव्हा ओमप्रकाश टपरीवरून धावत आला. "अबे, रोक! इंजिन ठोकून राहिलं तुहं! बंद कर, खोलून पाहू!"

"इंजिन नाही गा, तुहाच वूफर हाय."

"वूफर? मंग गाणं कोठी गेलं?" ओमप्रकाशने आत डोकावलं. पेटीवर गोधडी, गोधडीवर रुपराव, तोंड उघडं, गाढ झोपलेला. पाय तेवढे डावा-उजवा चाललेले. "अन् हे बंद कर ना, बाबा झोपले तुहे."

"चालू दे," जागेश्वर म्हणाला. "लुगडं अजून मागावरून उतरलं नाही."

पुढे एक सायकलवाला आडवा आला. जागेश्वरने खिडकीतून डोकं काढलं, बाप उठणार नाही अशा बेताने "बाजू व्हा गा" म्हणून ओरडला, आणि झोपलेल्या रुपरावची मांडी एका हाताने हळूच उचलून दुसरा गिअर टाकला.