घर पाहावं निजून

लोक घर बघायला जातात तेव्हा नळ सोडून बघतात, भिंतीला ओल आहे का ते चाचपतात. आमचे शेजारी गुणाजीकाका तोरसकर आडवे होतात. चपला दाराशी काढायच्या, खांद्यावरचा पंचा जमिनीवर अंथरायचा आणि डोळे मिटून पडायचं. एजंट बिचारा ओट्याचं कौतुक सांगत मागे वळतो, तर गिऱ्हाईक जमिनीवर. लालबागच्या एका एजंटाने तर घाबरून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं होतं. काका उठले, पंच्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "निजल्याशिवाय घर कळना नाय."

हे मी स्वतः बघितलंय. तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

तसा काकांनी मला पहिला धक्का दिला तो माझ्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. भोईवाड्याच्या मागे आमची वसाहत आहे, महायुद्ध संपल्यावर गिरणी कामगारांसाठी बांधलेली. मजल्यावर एकच लांब गॅलरी आणि गॅलरीला लागून एकेका खोलीचे संसार. मी नवी नवरी, पहाटे हंडा घेऊन सामाईक नळाकडे निघाले आणि अंधारात एका पोटावर पाय दिला. माझी किंकाळी अख्ख्या मजल्याने ऐकली. पोटाच्या मालकाने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "नळ पुढे आसा," एवढंच म्हणाला आणि कूस बदलली.

तेव्हा गॅलरीत पुरुष निजायचे यात नवल नव्हतं. काकांची खोली मोठ्या भावाच्या नावावर. आत आई, दोन बहिणी, वहिनी, तिची पोरं आणि काकांची बायको सुलूकाकी. गिरणीतून सुटलेल्या पुरुषांनी बाहेर पथारी टाकायची, हा रिवाजच होता. नवल पुढे सुरू झालं. गिरणी बंद पडली, बहिणी सासरी गेल्या, आई वारली, भाऊ बिऱ्हाड घेऊन गावी गेला, काकांचा मुलगा बदलापूरला राहायला गेला. अख्खी खोली या दोघांना मोकळी झाली, तरी काका आपले खिडकीखाली, गॅलरीतच. थंडीत कानटोपी घालतील, मच्छरांकडून फोडून घेतील, पण उंबरठ्याच्या आत निजणार नाहीत. आमचे हे उशिरा कामावरून येताना त्या जागी पाय उंच उचलून पुढे जायला शिकले होते. मी एकदा काकीला डिवचलं, भांडणबिंडण झालंय का म्हणून. ती हसली आणि म्हणाली, सवय. मी मनात म्हटलं, माणूस चक्रम आहे, दुसरं काय.

मग एक दिवस गावाहून काकांचा पुतण्या आला. चहा प्यायला, दोघांच्या पाया पडला आणि खोली विकायची आहे म्हणून सांगितलं. काकीच्या हातातली बशी तशीच राहिली. या वयात बिऱ्हाड उचलायचं? मुलगा बदलापूरला बोलवत होता, पण काकीला परळ सोडायचं म्हटलं की रडू यायचं. तिचं देऊळ इथे, भाजीवाली इथे, भांडायला मी इथे. काकांनी गावचा आपल्या वाटणीचा आंब्याच्या जमिनीचा तुकडा विकला आणि म्हणाले, घर घेऊ. घर बघायला सोबत मला न्यायचं ठरलं, कारण मी ऑफिसात जाणारी, इंग्रजीला न घाबरणारी.

मला वाटलं, एक वेळ आडवे होतील, संपलं. कसलं संपतंय? आत निजून झालं की काका पंचा उचलून दाराबाहेर यायचे आणि तिथे पुन्हा आडवे व्हायचे. काकीने आत थांबायचं. दार लोटायचं. मग काका बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायचे आणि कान देऊन पडून राहायचे. आतून काही आलं नाही की उठायचे. घर नापास.

एकदा परळच्या एका नव्या टॉवरमध्ये गेलो. खिशाला झेपण्यातलं नव्हतंच, पण बघायला काय जातं? तिथल्या गुळगुळीत मुलीने आम्हाला जिम दाखवली, पोहण्याचा तलाव दाखवला. काकांनी विचारलं, "मॅडम, बाहर कितने आदमी सोते हैं?"

"सर, बाहर कौन सोएगा?"

"मैं," काका म्हणाले आणि लिफ्टसमोरच्या चकचकीत फरशीवर पंचा अंथरून पडले. वॉचमन धावत आला. मुलीचा चेहरा पांढरा पडला, माझा लाल. त्या जाड भिंतीवर काकांनी पेर दुखेपर्यंत टकटक केली. आत काकी उभी होती, तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. खाली उतरल्यावर मी काकांना नाही नाही ते बोलले. ते पंचा झटकत चालत राहिले.

पुतण्याचा धीर सुटत चालला होता. बदलापूरला जायची बांधाबांध सुरू झाली, काकीचे डोळे सुजलेले दिसायला लागले. आणि एका सकाळी बातमी आली, काकांनी घर घेतलं. कुठे? आमच्याच गॅलरीत. चार दारं सोडून, पेडणेकर पनवेलला निघाले होते त्यांची खोली. सगळा मजला एकच म्हणत होता. अर्धी मुंबई निजून बघितली आणि शेवटी हे? तीच दहा बाय बाराची खोली, तीच गॅलरीकडची खिडकी. मी तर कपाळावर हात मारला.

वास्तुशांत झाली. दुपारी पंगती उठल्यावर मी काकीला भांडी आवरू लागले. काका जेवून बाहेर गेले आणि खिडकीखाली पथारी टाकून पडले. माझा संताप झाला. स्वतःचं घर घेऊन हा माणूस पुन्हा बाहेरच?

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. काकी राख लागलेल्या हाताने उठली, भिंतीपाशी गेली आणि मनगट हलवून काकणं वाजवली. मी बघत होते. काकी नव्या नवरीसारखी लाजली. म्हणाली, आत सासू, नणंदा, जाऊ, पोरं. नवरा-बायकोने बोलायचं कधी? ते बाहेरून टकटक करत, मी काकणं वाजवी. जागी आहे, बरी आहे, एवढं कळे. आमचा संसार ह्या भिंतीतून झाला, बाय.

"पण नंतर तर खोली मोकळी होती," मी म्हटलं.

"ती भावाची. परक्याच्या घरात पाय पसरून निजू नये म्हणत."

चक्रम म्हटलं होतं मी या माणसाला. काकीने हात धुतले, पदराला पुसले आणि खिडकीच्या गजांशी तोंड नेलं.

"आता ह्यां घर आपलां आसा," ती हळूच म्हणाली. "भायर कित्याक? आत येवा."

मग गुणाजीकाका गोधडी काखेत मारून आत आले. परळ-लालबागच्या प्रत्येक घरात बिनदिक्कत आडवा झालेला तो म्हातारा स्वतःच्या घराच्या मधोमध उभा राहिला. या भिंतीकडे बघितलं, त्या भिंतीकडे बघितलं. गोधडी हातातून सोडवेना.

"खंय निजू गे?" त्यांनी विचारलं.

मी घासलेली भांडी तशीच ठेवून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. आमचे हे अजूनही जुन्या खिडकीखालून जाताना पाय उंच उचलतात.