रेघ कोणी उमटवली?

मुलांनो, डोळे मिटा आणि एक खोली मनात आणा. खोली चांगली मोठी आहे, पण माणसाला उभं राहायला जागा नाही, कारण सगळी जागा एका संगणकाने अडवली आहे. त्या काळी संगणक कपाटांएवढे असत आणि कपाटांसारखेच घुमे. या संगणकाला एक लोखंडी हात जोडलेला होता. हातात पेन, पेनाखाली कागद. दिवसभर हा हात पुलांचे आणि रस्त्यांचे नकाशे काढी. सगळे जेवायला गेले की तिथेच नोकरी करणारी एक बाई त्याच्याकडून चौकोन काढून घेई. ती भिंगरी नावाच्या एका शाळकरी मुलीची आत्या.

चौकोन असे, की पहिली रांग कवायतीला उभी असल्यासारखी ताठ. दुसऱ्या रांगेत एखादा किंचित कललेला. खाली येता येता सगळे असे कलंडत, जशी शाळा सुटल्यावर पोरं फाटकाबाहेर पडतात. कोणत्या चौकोनाने किती कलायचं, हे आत्या आधी आकड्यांत मांडी आणि मग यंत्राला सांगे. मनासारखं नाही झालं, तर आकडे बदलून पुन्हा. यातच तिची हयात गेली.

कलासंस्थेने चित्रं परत पाठवली. शेरा होता, 'यात माणसाचा हात दिसत नाही.' गणितवाल्यांनीही परत पाठवली. 'यात उत्तर दिसत नाही.' आत्याने दोन्ही शेरे वाचले आणि पुढचं चित्र काढायला घेतलं.

मग फॅशन बदलली. यंत्राचं चित्र दिवाणखान्यात असणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण ठरलं. कलासंस्थेने तातडीने जाहीर केलं की आत्याचं काम आपल्याला पहिल्यापासून परिचित आहे. ते खरंच होतं. नाकारण्याइतका परिचय होताच.

"आयुष्यभर कपाटावर धूळ खाल्ली बिचाऱ्यांनी," आत्या भिंगरीला म्हणाली. "एकदा भिंतीवर माझ्या नावानं लागू देत. मग मी डोळे मिटायला मोकळी."

"मिटू नकोस ना. मग बघशील कशी?" भिंगरी म्हणाली.

संस्थेने आत्याच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. त्याआधी संस्थेचे सचिव घरी आले.

"फक्त एक औपचारिक प्रश्न, बाई. कागदावर रेघ कोणी उमटवली?"

"यंत्रानं."

सचिवांचा चेहरा पडला. "मग पंचाईत आहे. आमच्या नियमात, जो रेघ उमटवतो तो चित्रकार."

"अहो, पण काय काढायचं ते मी सांगत होते ना त्याला!"

"सांगणारे पुष्कळ असतात. मीही चित्रकारांना सारखा सांगत असतो. म्हणून मी चित्रकार झालो का?"

"तुमचं कोणी ऐकत नसेल," आत्या म्हणाली. "माझं ते ऐकायचं."

हे उत्तर अप्रस्तुत ठरलं.

चित्रकार यंत्र ठरल्यावर सत्कारही यंत्राचाच करणं क्रमप्राप्त होतं. पण ते कधीच भंगारात गेलेलं. म्हणून वारस शोधायला उपसमिती नेमली गेली. तिला संस्थेच्याच हिशेब विभागात एक प्रिंटर सापडला. कागद हाच पिढीजात व्यवसाय, शाई हाच आहार, आणि ऐन वेळी अडून बसण्याचा स्वभावही घराण्यातलाच. नातं निर्विवाद सिद्ध झालं. आत्यालाही संस्था विसरली नाही. तिला 'दिवंगत यंत्राच्या सहवासातील व्यक्ती' असा पास मिळाला. उभं राहण्याचा.

समारंभात प्रिंटर मखमली खुर्चीवर विराजमान झाला. सचिवांनी त्याला दोन शब्द बोलण्याची नम्र विनंती केली आणि बटण दाबलं. प्रिंटर गुरगुरला, थरथरला आणि त्याने एक कोरा कागद बाहेर टाकला.

"केवढा हा संयम!" एक समीक्षक गहिवरून म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

हसू नका, मुलांनो. ती सगळी शिकलेली मंडळी होती. कोरा कागद त्यांनाही कोराच दिसला होता, पण शेजारचा टाळ्या वाजवत होता. तुम्हीही आधी शेजारच्याकडेच पाहिलं असतंत.

आत्या तिकडे पाहतच नव्हती. ती आपल्या चित्रापुढे उभी होती. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, 'चित्रकार : यंत्र'. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"आत्या, घरी जाऊ या?"

"थांब गं जरा," आत्या हळूच म्हणाली. "भिंतीवर छान दिसतायत."

भिंगरीने दप्तरातून पेन्सिल काढली आणि चित्राखालच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'हे माझ्या आत्यानं काढलं.'

सचिव धावत आले. "अगं ए! नव्या रंगाची भिंत! कोणी लिहिलं हे?"

"पेन्सिलीनं," भिंगरी म्हणाली. "मी नुसतं सांगत होते तिला."

"मला शिकवतेस? पेन्सिल काय आपणहून लिहिते?"

सचिवांचा आवाज चांगला खणखणीत होता. सभागृहात सगळ्यांना ऐकू गेला. प्रिंटरकडे लागलेल्या माना एकेक करून चित्राकडे वळल्या. आपण काय बोललो ते सचिवांना सगळ्यात शेवटी कळलं.

"पूस! पूस ते आधी!" ते ओरडले.

भिंगरीने दप्तरातलं खोडरबर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"याला सांगा," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळून 'आत्यानं' हा शब्द आणखी ठळक गिरवू लागली.