उंदरीण क्रमांक एकेचाळीस

कोणत्याही जिवाची प्रतिष्ठा त्याच्या नावे निघणाऱ्या अर्जाच्या प्रतींवरून ठरते. या कसोटीवर रत्नागिरीतील आमच्या संशोधन संस्थेची गाभण उंदरीण परमप्रतिष्ठित होय. तिला कंबरदुखीची एक गोळी द्यायची, तर अर्ज तीन प्रतींत, मंजुरी देणाऱ्या समितीचे सभासद सात, आणि गणसंख्या न भरल्यास (पापलेट स्वस्त असलेल्या दिवशी ती भरत नाही) सभा तहकूब.

गतवर्षी अशा चाळीस उंदरिणींना ती गोळी विधिपूर्वक देण्यात आली. विसाव्या दिवशी गर्भांची हाडे लाल रंगवून मोजली. उंदरास बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. येथे कित्येकांस चौदा निघाल्या, आणि मणके अर्धवट. समितीचे अध्यक्ष गोपाळकृष्णपंत यांनी चौदावी जोडी ‘प्रगती’ या सदरात नोंदवण्याचे सुचवले. संशोधिका मनस्विनीबाईंनी ते हाणून पाडले. गोळी उंदरिणींना बंद झाली.

तेवढ्यात पिंजरे धुणारी सगुणा दारात आली. तिला तिसरा महिना होता.

“म्याडम, हीच गोळी मी पन खातंय. कंबर सोसवत नाय. मेडिकलवाल्यान पट्टीतल्या दोन-दोन कापून दिल्यान. माझ्या पोराचां काय?”

(गरोदरपणी घेऊ नये, असे पट्टीच्या पाठीवर छापलेले असते. परंतु पट्टी कात्रीने कापून देण्याची आपली रीत असल्यामुळे ती सूचना दुकानातच सुखरूप राहते.)

“अगं, आत्ताच्या आत्ता—” मनस्विनीबाई उठल्या.

“बसा बाई,” पंत म्हणाले. “आपले अधिकारक्षेत्र उंदीर. ही उंदीर नाही.”

“मग माझां नाव उंदरांत घाला की, सायबांनू!”

सूचना नियमबाह्य नव्हती. अर्ज भरला गेला. वजन : बावन्न हजार ग्रॅम. शेपटी : निरंक. पिंजरा : भाड्याचा, कुवारबाव. चार विरुद्ध तीन मतांनी सगुणा एकेचाळिसावी ठरली. आणि एकेचाळिसावीस गोळी देण्याची परवानगीच नसल्याने ती अकरा मिनिटांत बंद झाली. शिवाय दर आठवड्यास तपासणी, स्वच्छ अंथरूण आणि दोन वेळचा मोजून आहार सुरू झाला.

यथाकाल तिला मुलगी झाली. कणा ताठ, बरगड्यांच्या बारा जोड्या, माणसास हव्या तेवढ्याच. (एक जोडी कमी भरल्याचा शेरा पंतांनी मारलाच.)

वाचकहो, आपल्याही घरी औषधांच्या डब्यात एक कापलेली पट्टी आहे, आणि तिच्यावर औषधाचे नावदेखील अर्धेच उरले आहे. शंका असल्यास समितीकडे अवश्य यावे. मात्र शेपटीचा रकाना कोरा सोडू नये. सगुणेनंतर नियम कडक झाले आहेत.