रिफअतदादाच्या त्रेपन्न फटी

चांगल्या लाकडात मुद्दाम फट कशाला ठेवायची?

हा प्रश्न मी माझ्या थोरल्या भावाला, रिफअतदादाला, निदान शंभर वेळा विचारला असेल. तो हसायचा, चहाचा पेला माझ्या हातात द्यायचा आणि पुन्हा फटीकडे बघत बसायचा. उत्तराला घाई नाही असं दोघांनाही वाटत होतं. मग दोन महिन्यांपूर्वी तो दुकानात बसल्या बसल्या गेला. छातीत कळ आली म्हणे. (मी तेव्हा गल्लीच्या टोकाला एका खुर्चीचा पाय घासत होतो. खुर्ची फार सुंदर झाली. तिचं नाव काढू नका.)

इजिप्तमधल्या आमच्या दमिएत्ता गावात दर दुसरा माणूस सुतार, आणि उरलेला सुताराचा मेहुणा. मी पलंग आणि खुर्च्यांना सोनेरी मुलामा चढवतो. दादा मात्र सगळ्या कारखान्यांतले टाकाऊ तुकडे गोळा करायचा आणि त्यांची भिंतीवर लावायची शिल्पं करायचा. त्यात ना पान, ना फूल, ना पक्षी. नुसते तुकडे. काही पुढे आलेले, काही आत दबलेले, आणि मधूनमधून बोटभर फटी. आमच्याकडे मुरलेल्या कारागिराला उस्ता म्हणतात; गल्लीतले लोक विचारायचे, "उस्ता रिफअत, हे कपाट पुरं कधी होणार?"

त्याचं शेवटचं शिल्प माणसाएवढं उंच आणि त्याहून रुंद होतं. इन्साफवहिनीनं ठरवलं, की चाळिसाव्याला, म्हणजे दादा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, ते घरी बैठकीच्या भिंतीवर लावायचं. त्या दिवशी कुराणपठणाला सगळी गल्ली येणार होती आणि गावातलं कलादालन चालवणाऱ्या शहीराबाईही येणार होत्या. त्यांच्या मनात भरलं तर ते दालनात कायमचं लागणार होतं, खाली दादाच्या नावाची पाटी. ज्याला लोक जन्मभर अर्धवट कपाटवाला म्हणत आले, त्याचं नाव एकदा भिंतीवर बघायचं, एवढंच वहिनीला हवं होतं.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, म्हणून दादाच्या दुकानातून शिल्प पुसून आणायचं काम माझ्यावर आलं.

"भावोजी, फक्त धूळ पुसा," वहिनी म्हणाली. "फक्त धूळ."

मी फक्त धूळच पुसत होतो. पुसता पुसता फडकं एका फटीत अडकलं आणि मला दरदरून घाम फुटला. चाळिसाव्याला येणार कोण? सगळे सुतार! आमच्याकडे सुतार घरात आला की आधी सांध्यावरून नख फिरवतो आणि मग सलाम करतो. नख आत गेलं की त्या घराची अब्रू गेली. रिफअतच्या मातीला चाळीस दिवस झाले नाहीत तोच त्याचे सांधे उघडले, असं लोकांनी म्हणायचं?

मी भुसा आणि सरस कालवला आणि ती फट बुजवली. अगदी एकच. पण ती बुजल्यावर शेजारची फारच उघडी वाटायला लागली. दुपारपर्यंत त्रेपन्न फटी बुजवल्या. मग बुजवलेलं उठून दिसायला लागलं म्हणून सगळं घासलं. घासल्यावर फिकट दिसलं म्हणून कडांना सोनेरी मुलामा दिला. (रडू येत असलं की माझा हात थांबत नाही. त्या महिन्यात मी वहिनीच्या घराचं दारही सोनेरी केलं होतं.)

समोरच्या दुकानातले उस्ता दसूकी डोकावले. "वा, शाझली! आता कुठे याला रूप आलं. पाय लावलेस की दुहेरी पलंगाची पाठ!"

मला ते कौतुक वाटलं.

चाळिसाव्याच्या आदल्या सकाळी शिल्प घरी नेलं. वहिनीनं ते पाहिलं आणि खाली बसली.

"हे काय आहे?"

"दादाचं शिल्प."

"भावोजी, हे लग्नाचं स्टेज आहे."

"फटी होत्या गं. लोक काय म्हणतील म्हणून..."

"एकेक फट ठेवायला त्यांना आठ-आठ दिवस लागायचे!" वहिनीचा आवाज फाटला. "घरी येऊन सांगायचे, इन्साफ, आज एक जमली. ज्या दिवशी जमायची, त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खायचे."

"पण का ठेवायचे?"

"मला काय माहीत का! ठेवायचे!"

मग दोघंही रडलो. रडून झाल्यावर तिनं पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या. "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. गरम पाणी आणा. आणि ती पातळ सुरी."

मी कोरत होतो, ती सांगत होती. कुठली फट कुठे, किती रुंद, सगळं तिला पाठ! शिल्प घडत होतं तेव्हा रोज दुकानात येऊन मोराच्या पिसानं ती त्यांतली धूळ काढायची. "डावीकडे. अजून. हं, इथं ते लाकडाशी भांडले होते." सोनेरी कडा मी खरवडून काढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बावन्न फटी मोकळ्या झाल्या होत्या. त्रेपन्नावी हलेना. सरस माझा होता आणि दुर्दैवानं उत्तम होता.

पाहुणे आले. पठण झालं, दुखवट्याची बिनसाखरेची कॉफी फिरली. मग उस्ता दसूकी उठले आणि त्यांनी नख लावलं. नख फटीत गेलं. मी डोळे मिटले. त्यांनी दुसऱ्या फटीत घातलं, तिसऱ्या फटीत घातलं, आणि हळूच म्हणाले, "सगळ्या कडा आतूनसुद्धा घासल्यात. जिथं कुणी बघणार नाही तिथं. शाझली, तुझा भाऊ आमच्यापेक्षा चांगला सुतार होता रे." मग एकेक सुतार उठून बोट घालून बघायला लागला. कपाट हा शब्द कुणी काढला नाही.

शहीराबाई जवळ येऊन एकेक फट बघत गेल्या. मग नेमक्या त्या बुजलेल्या जागी बोट ठेवून म्हणाल्या, "सगळीकडे मोकळं सोडलं आणि इथं मिटून घेतलं. केवढी मोठी कल्पना!"

दाराआडून वहिनी म्हणाली, "कल्पना नाही. ते आमचे भावोजी."

सगळी हकीकत तिनं सांगितली. (मी गाळली असती.) शहीराबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. "उघडून देऊ का?" मी विचारलं. "पटाशीनं..."

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

मग वहिनी हळू आवाजात म्हणाली, "एवढी राहू दे. दोघा भावांचं होऊ दे ते."

शिल्प दालनात घ्यायचं ठरलं. अट एकच होती, आणि ती शहीराबाईंनी तिथंच कागदावर उतरवली: टांगून झाल्यावर शाझलीनं शिल्पापासून दहा हात लांब राहायचं. माझी शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे सही करायला वेळ लागला. वहिनी आतून विचारत होती, "झाली का? नीट केली ना? मुलामा नाही ना दिला?"

पुढच्या रविवारी मी दालनात शिल्प टांगलं, पाणपातळी लावून सरळ आहे ना ते बघितलं, खाली दादाच्या नावाची पाटी ठोकली. नाव तीनदा वाचलं. मग दिलेल्या शब्दाप्रमाणे मोजून मागे सरकायला लागलो. दालन लहान आहे.

रस्त्यावरून वहिनीला फोन केला. "लागलं. सरळ आहे. नाव लांबूनही वाचता येतं."

"तुम्ही कुठे आहात?"

"बाहेर. दालन आठच हातांचं आहे."

पलीकडे वहिनी हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"शाबास भावोजी," ती म्हणाली. "तिथंच उभे राहा."