गच्ची धरायची राहिली

"दूध उतू घालवणारा आणि उजेड सांडणारा, दोघांनाही कामावर ठेवू नये!" असं निनाद आरवाडे जयपुरात भेटेल त्याला ऐकवायचा. निनाद प्रकाशयोजना करायचा. म्हणजे नेमकं काय, हे त्याच्या सांगलीच्या आईला अजून उमगलेलं नव्हतं. "लायटीचं काहीतरी करतो, पण शॉक बसायचं काम नाही," एवढं सांगून ती नातेवाइकांपासून सुटका करून घ्यायची.

जयपुरातल्या सोडाला भागातल्या ऑफिसात बसून तो कॉम्प्युटरवर खोटी मैदानं, खोटे खांब, खोटी घरं उभी करायचा, त्यात दिवे लावायचा आणि खरा उजेड कुठे किती पडेल ते आधीच सांगायचा. त्यातही शेजाऱ्याच्या घरात आगंतुकासारखा घुसणारा उजेड मोजण्यात आपला हात धरणारा अख्ख्या राजस्थानात कोणी नाही, अशी त्याची समजूत होती. समजूत नुसती असली तर चालतं हो, ती पक्की असली की घात होतो!

त्याला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते जयपुरातल्याच खातीपुऱ्यात. मुरलीधरजी नावाच्या गृहस्थांना आपल्या मोकळ्या प्लॉटवर पिकलबॉलचं कोर्ट काढायचं होतं. पिकलबॉल म्हणजे बॅडमिंटन आणि टेबल टेनिस यांनी घरच्यांना न विचारता केलेल्या लग्नाचं अपत्य. हल्ली आयटीवाले ऑफिस सुटल्यावर तेच खेळतात, आणि अंधार पडल्यावरच खेळतात. म्हणजे दिवे आलेच. चार उंच खांब, त्यावर दणदणीत फ्लडलाइट.

गंमत अशी, की कोर्टाच्या भिंतीला लागूनच वसंतराव काका आणि प्रतिमाकाकूंचं बैठं घर होतं. काका विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि बदलीच्या गावीच राहिले. तेही मूळचे सांगलीचे. निनाद जयपुरात नवा आला तेव्हा पहिली दोन वर्षं यांच्याकडेच राहिला, काकूंच्या हातचं खाऊन अंगाने भरला आणि पुढे ऑफिसजवळ राहायला गेला तरी दर रविवारी दुपारी जेवायला हजर!

खिडक्यांची मापं घ्यायला तो टेप घेऊन आला तेव्हा काकूंना कोण कौतुक.

"एवढं बारीक मोजतोस होय रे?"

"काकू, तुमच्या एकेका खिडकीवर मी कॉम्प्युटरमध्ये हिशोबाची जाळी लावणार. नियमात बसतो त्याच्याही खाली आणणार उजेड! दिवे लागलेत हे तुम्हाला कळलं तर माझं नाव बदला."

"नाव कशाला बदलायचं? चांगलं आहे की," काकू म्हणाल्या आणि त्याच्या ताटात अजून एक भाकरी पडली.

आणि केलंच त्याने तसं! खिडक्यांवरचे सज्जे, ग्रिल, अंगणातला कडुनिंब, काही सोडलं नाही. रिपोर्टात काकांच्या घराच्या सगळ्या खिडक्या गर्द निळ्या आल्या. निळं म्हणजे काळोख. मुरलीधरजींनी तो रिपोर्ट फ्रेम करून काउंटरमागे लावला. उद्घाटनाला काका कोट घालून आले आणि प्रत्येकाला सांगत सुटले, "ये हमारे निनादने किया है!"

एप्रिल उजाडला आणि निनादच्या लक्षात यायला लागलं, की काकाकाकूंचं काहीतरी बिनसलंय.

दोघांचे डोळे लाल. काकूंनी एका रविवारी आमटीत मिठाऐवजी साखर घातली, काकांनी ती मुकाट्याने ओरपली! काकांनी पेपर उलटा धरला होता आणि तो तसाच वाचत होते. वाचत कसले, डुलक्या घेत होते. निनादने विचारलं, "काकू, झोप होत नाही का?"

"होते की. भरपूर होते. उलट जास्तच होते," काकू घाईघाईने म्हणाल्या आणि काकांकडे बघायला लागल्या. काका खिडकीकडे बघायला लागले.

निनादने शोध लावला, की दोघांत भांडण झालंय! एवढी वर्षं संसार करून या वयात! त्याने अश्वगंधाची पूड आणली, डोक्याला लावायचं तेल आणलं, "संध्याकाळी चहा बंद करा," असा दम दिला. काकूंनी सगळं कौतुकाने ठेवून घेतलं. चहाही बंद केला बिचारीने.

एवढ्यावर थांबेल तो निनाद कसला! समेट घडवायचा म्हणून त्याने गाडी काढली आणि दोघांना कानोत्याच्या धरणावर सहलीला नेलं. बरोबर सतरंजी, दहीबुत्ती, कैरीचं लोणचं. पाणी बघत बसतील, जुन्या गोष्टी निघतील, असा त्याचा बेत होता. झाडाखाली सतरंजी पसरली, आणि निनाद डबे आणायला गाडीकडे जाऊन येतो तोवर दोघंही आडवे! काका घोरत होते, काकू त्यांच्या खांद्याला डोकं लावून झोपल्या होत्या. शेजारी एका कुटुंबाने स्पीकरवर गाणी लावली, माकडाने दहीबुत्तीचा डबा पळवला, तरी दोघं हलले नाहीत. सूर्य मावळायला आला तेव्हा त्याने त्यांना उठवलं.

'समेट झाला!' निनाद गाडी चालवताना मनात म्हणाला आणि शीळ घालायला लागला.

खातीपुऱ्यात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. निनादने सतरंजी खांद्यावर टाकली. "ही गच्चीवर ठेवून येतो."

"नको!" काका आणि काकू एकदम ओरडले.

"अहो, जड आहे..."

"असू दे रे, मी ठेवते. वर... मतलब, वर पसारा आहे!" काकूंनी सतरंजीचं टोक ओढलं. पण निनाद तरुण. दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो वर गेलासुद्धा.

आणि जागच्या जागी उभा राहिला. गच्चीवर लग्नाचा मांडव असावा तसा लखलखाट होता! कठड्याचा गिलावा, पाण्याच्या टाकीवरची अक्षरं, फरशीच्या फटीतली मुंगीसुद्धा दिसत होती. निनादच्या स्वतःच्या चार सावल्या पडल्या होत्या, चार खांबांच्या चार. जिकडे वळेल तिकडे त्या चौघी त्याच्या पायाला चिकटून. कडुनिंबावरचा मोर दिवस उजाडला समजून ओरडत होता. आणि या सगळ्या उजेडात मधोमध आदल्या रात्रीची दोन अंथरुणं तशीच घातलेली होती. एका उशीवर काकांचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. दुसऱ्या उशीवर घडी केलेला काळा रुमाल, डोळ्यांवर बांधायचा.

काकूंना कूलरचा ओला वारा सोसत नाही, धाप लागते. म्हणून होळी झाली की दोघं गच्चीवर झोपतात ते पार पाऊस लागेपर्यंत. हे त्याला कोणी सांगायची गरजच नव्हती. दोन उन्हाळे तो स्वतः इथेच झोपला होता! काकांच्या नोकरीतल्या भानगडी ऐकत, काकूंच्या हातचं वाळ्याचं पाणी पीत. आणि कॉम्प्युटरवर घर काढताना त्याने गच्ची म्हणजे डब्याचं झाकण ठेवावं तशी ठेवून दिली. नियमात खिडक्या होत्या. जिथे ते नियम लिहिले गेले तिथे गच्चीवर कोणी झोपत नसेल. पण निनाद तर झोपला होता ना!

काकू धापा टाकत वर आल्या.

"काकू, बोलला का नाहीत?"

"तुझं पहिलं काम रे. कशाला तुझ्या मनाला लागू द्यायचं?"

"आणि मी तुम्हाला डोक्याला तेल आणून दिलं!"

"चांगलं आहे की तेल. थंड वाटतं," काकू म्हणाल्या. निनादला तिथल्या तिथे रडू आलं, आणि एवढा उजेड की लपवायची सोय नाही!

दुसऱ्याच दिवशी तो मुरलीधरजींपुढे उभा राहिला. "मुरलीधरजी, दिव्यांना बाजूने पत्रे लावावे लागतील. छत पर रोशनी जा रही है।"

मुरलीधरजींनी शांतपणे काउंटरमागच्या फ्रेमकडे बोट केलं. "ये देखिए। सब नीला-नीला। नीला मतलब अँधेरा, आपने ही समझाया था।"

"छत हिसाब में छूट गई थी।"

"अरे आप तो ऐसे ही छोटा मन कर रहे हो! गली वाले शिकायत लेकर आए थे, मैंने यही दिखाया। सबकी बोलती बंद! आपके काकाजी ने तो साइन करने से ही मना कर दिया। बोले, हमारे निनाद का हिसाब गलत हो ही नहीं सकता।"

निनादला वाटलं, यापेक्षा काकांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःच्या रिपोर्टाशी भांडणारा तो जयपुरातला पहिलाच माणूस असावा. तो सांगे, रिपोर्ट अपुरा आहे. मुरलीधरजी सांगत, तुम्ही फार विनयशील आहात. शेवटी, "पत्रे मी करून घेतो, तुम्ही फक्त खांबावर चढू द्या," यावर तडजोड झाली.

टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापडं त्याने प्रत्येक दिव्याला बसवली. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केला, "बॉल दिखता ही नहीं!" दिवे थोडे वर केले, तर उजेड समोरच्या मिश्राजींच्या देवघरात. खाली केले, तर कोर्टाच्या मधोमध काळा पट्टा. निनाद रोज ऑफिस सुटलं की शिडीवर. कॉम्प्युटरवर आता त्याने गच्ची इंचाइंचाने काढली होती, तिच्यावर हिशोबाची जाळी टाकली होती. सगळा मे महिना असा खांबाला लटकून गेला, पण एका संध्याकाळी अखेर ते जमलं. कोर्टावर दिवसासारखा उजेड आणि भिंतीपलीकडे मिट्ट काळोख.

तो धावतच काकांकडे गेला. फोनची बॅटरी संपली होती, तो त्याने बैठकीत चार्जिंगला लावला. "काका, काकू, वर चला! गच्ची तुमची तुम्हाला परत!"

काकू आतल्या खोलीतून म्हणाल्या, "छान झालं हो बाळा. पण आता कशाला रे? अभिजितने एसी बसवून दिला नाही का."

अभिजित म्हणजे त्यांचा बंगळूरचा मुलगा. आईला झोप नाही हे कळल्यावर त्याने याच आठवड्यात परस्पर माणसं पाठवून एसी लावून घेतला होता. खोलीचं दार घट्ट बंद, खिडक्या बंद, आतून घूं घूं आवाज.

काका मात्र उठले. निनादचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं. एसीची थंडी बाधते म्हणून त्यांनी भर उन्हाळ्यात कानाला मफलर बांधला होता. वर येऊन ते अंधारात उभे राहिले. वारा सुटला होता. बऱ्याच दिवसांनी आभाळात चांदण्या दिसत होत्या.

"काका, तुम्ही तरी झोपा की इथे."

"एकट्याने काय झोपायचं रे," काका म्हणाले. "बोलायला कोण?"

"मग खाली बोला."

"खाली ती पांघरूण डोक्यावरून घेते. मी मफलर बांधतो. ऐकू कुणाला जातंय?"

निनाद टाकीपलीकडे जाऊन उगाच कठड्यावर उजेड येतोय का ते तपासत बसला. तेवढ्यात खालून काकूंची हाक आली, "अहो, दार लावा! गारवा जातोय सगळा!"

"आलो आलो! चल रे निनाद," म्हणत काका वळले. निनाद पुढे गेला असं समजून ते लगबगीने खाली उतरले, जिन्याचं दार ओढलं आणि आतून कडी घातली.

निनादने दार वाजवलं, हाका मारल्या. खाली एसी, त्यावर मफलर, त्यावर पांघरूण! मग तो कठड्याशी जाऊन कोर्टाकडे हात हलवायला लागला. "ओ भैया! ऊपर देखो!" खेळणारे दोघे-तिघे थांबले, वर बघितलं, इकडे तिकडे बघितलं. त्यांना काही म्हणजे काही दिसलं नाही. निनादचं काम इतकं चोख झालं होतं! "कोई नहीं है यार, सर्व्ह कर," एकजण म्हणाला.

शेवटी तो तिथेच आडवा झाला, आणि तसाच टुणकन उठून बसला. जयपुरात उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं तर संध्याकाळीच बादल्या भरभरून पाणी मारावं लागतं, नाहीतर फरशी तव्यासारखी तापलेली राहते. ते काम काकू करायच्या. आता कोण मारणार? निनाद बराच वेळ उकिडवा बसून राहिला.